नव्वद की पंधराशे: चाकाच्या फेऱ्यांचे एक गणित

गेल्या महिन्यात माझी सातवीतली भाची गणिताची वही घेऊन माझ्यापाशी येऊन बसली. गणित नेहमीच्या ठशाचे होते. एका सायकलच्या चाकाचा परीघ २ मीटर आहे. सायकल ताशी १८ किलोमीटर वेगाने १० मिनिटे चालली, तर चाकाचे किती फेरे झाले? तिने १८ ला १० ने गुणले, आलेल्या १८० ला २ ने भागले, ९० हे उत्तर लिहिले आणि त्याभोवती पट्टीने चौकट आखली. भागाकार बिनबाकीचा होता, अक्षर सुवाच्य होते आणि चुकीचे वाटावे असे त्या पानावर काहीही दिसत नव्हते. बरोबर उत्तर मात्र १५०० आहे.

मी लगेच चूक दाखवली नाही. तिला एवढेच विचारले, की नव्वद फेऱ्यांत ही सायकल किती लांब गेली असेल. एका फेऱ्याला २ मीटर, म्हणजे नव्वद फेऱ्यांना १८० मीटर, हे तिने तोंडीच सांगितले आणि सांगता सांगताच ती थबकली. साध्या चालीने चालणारा माणूस दहा मिनिटांत आठशे मीटरच्या आसपास जातो. तेवढ्याच वेळात १८० मीटर जाणारी सायकल उभी तरी कशी राहील? माझ्या मते फेऱ्यांच्या गणितात सर्वांत आधी शिकवण्याजोगी गोष्ट हीच आहे. आलेल्या फेऱ्यांना परिघाने उलट गुणावे आणि मिळालेले अंतर डोळ्यांपुढे आणून पाहावे. सूत्र विसरले तरी ही कसोटी विसरता येत नाही.

सूत्र तिने चुकवले नव्हते. वेगाला वेळेने गुणावे आणि परिघाने भागावे, हे अगदी बरोबर आहे. गडबड एककांची होती. वेग तासाच्या आणि किलोमीटरच्या भाषेत, वेळ मिनिटांत आणि परीघ मीटरमध्ये दिलेला असताना तिने तिन्ही आकडे जणू एकाच घरचे आहेत असे मानून एकत्र केले होते. किलोमीटरचे मीटर करताना १००० ने गुणावे लागते आणि तासाची मिनिटे करताना ६० ने भागावे लागते, म्हणून तिच्या ९० ला १००० ने गुणून ६० ने भागले की नेमके १५०० मिळतात. तिचे उत्तर खऱ्या उत्तराच्या साधारण सतराव्या भागाइतके का आले, याचा हिशेब असा पुरता लागतो. मुलांना चूक नुसती खोडून देण्यापेक्षा ती कितीने झाली आणि तितकीच का झाली हे दाखवले, तर ती सहसा पुन्हा होत नाही, असा माझा अनुभव आहे.

हे गणित एका सूत्रात कोंबून पाठ करायला लावणे मला पसंत नाही. त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच विचारलेले बरे. पहिला प्रश्न असा, की एवढ्या वेगाने एवढ्या वेळात एकूण किती अंतर कापले गेले. आणि दुसरा असा, की त्या अंतरात चाकाचा परीघ किती वेळा मावतो. परीघ २ मीटर आहे असे म्हणण्याऐवजी दर फेऱ्याला २ मीटर असे म्हटले, की दुसरा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो, कारण परीघ हा मुळात एका फेऱ्याचा दर आहे. पहिल्या प्रश्नासाठी पाठ्यपुस्तकांत ५/१८ हा गुणक देतात. तो कुठून आला हे मात्र क्वचितच सांगितले जाते. तासाला १ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत १००० मीटर, आणि १०००/३६०० ला संक्षेप दिला की ५/१८ उरतात, इतकेच ते आहे. म्हणून ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ताशी ३६ म्हणजे १० आणि ताशी ५४ म्हणजे १५. आमच्या गणितातली सायकल सेकंदाला ५ मीटर, म्हणजे अडीच फेरे चालत होती, आणि दहा मिनिटांचे ६०० सेकंद होतात. ६०० गुणिले अडीच, पंधराशे. भाचीला ही वाट सर्वांत जास्त आवडली, कारण सेकंदाला अडीच फेरे ही गोष्ट तिला मनाने पाहता येत होती.

परीघ थेट न देता त्रिज्या किंवा व्यास दिला असेल, तर एक पायरी वाढते. पुस्तकांत त्रिज्या बहुधा ३५ सेंटिमीटर असते, म्हणजे २२/७ घेतल्यावर परीघ २२० सेंटिमीटर असा सरळ येतो. मग ताशी ३३ किलोमीटर वेगाने १२ मिनिटांत कापलेल्या ६६०० मीटरांना २.२ ने भागले, की ३००० फेरे मिळतात. आकडे असे जुळवून दिलेले असतात यात वावगे काही नाही. फक्त त्यामुळे परीघ ही निसर्गतःच पक्की ठरलेली गोष्ट आहे असा समज होतो, आणि माझे या विषयातले सगळे कुतूहल त्या समजाशीच येऊन ठेपते.

त्याआधी परिघाने भागायचेच का, हे पाहिले पाहिजे. भाचीला ते दाखवण्यासाठी मी सायकलच्या मागच्या टायरवर ओल्या खडूने एक आडवी, जाड रेघ ओढली आणि सायकल हाताने धरून फरशीवरून सरळ ढकलत नेली. दर फेऱ्याला फरशीवर एक पांढरा ठसा उमटत गेला. पाच-सहा ठसे उमटले तेव्हा आम्ही दोघी खाली वाकून ते पाहू लागलो. रंग हळूहळू फिका होत गेला होता, परंतु प्रत्येक ठशाच्या कडा स्पष्ट होत्या. कुठेही तो पुढे किंवा मागे फरफटलेला नव्हता. चाक सतत पुढे जात असताना ठसा फरफटत का नाही, या प्रश्नातच सूत्राचा पाया आहे. न घसरता लोळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू टेकल्याच्या क्षणी स्थिर असतो. आस सायकलच्या वेगाने पुढे जाते, चाकाचा सर्वांत वरचा बिंदू त्याच्या दुप्पट वेगाने जातो आणि खालचा बिंदू क्षणभर थांबतो. धावत्या सायकलच्या छायाचित्रात खालचे आरे बऱ्यापैकी स्पष्ट आणि वरचे पुसट दिसतात ते याचमुळे. अशा रीतीने चाक आपली कड मोजपट्टीसारखी जमिनीवर अंथरत आणि मागून उचलत पुढे जाते, म्हणून एका फेऱ्यात नेमके एका परिघाइतके अंतर कापले जाते. करकचून ब्रेक लावल्यावर चाक न फिरता घसरत गेले तर अंतर वाढते आणि फेरे वाढत नाहीत. चिखलात रुतलेले चाक जागच्या जागी फिरू लागले तर फेरे वाढतात आणि अंतर वाढत नाही. दोन्ही वेळी ठसा फरफटतो आणि सूत्र निकामी होते.

अंतर म्हणजे नेमके कशाचे अंतर, हा प्रश्न सरळ रस्त्यावर पडतच नाही, पण वळणावर पडतो. १९८२ साली अमेरिकेतल्या एसएटी या प्रवेशपरीक्षेत एक प्रश्न होता. एका लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्या वर्तुळाच्या एक तृतीयांश आहे. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेवरून लोळत पुन्हा मूळ जागी आले, तर ते स्वतःभोवती किती वेळा फिरले? मोठ्या परिघाला लहान परिघाने भागून ३ हे उत्तर अपेक्षित धरले होते. खरे उत्तर ४ आहे आणि ते दिलेल्या पर्यायांत नव्हतेच. सुमारे तीन लाख परीक्षार्थींपैकी तिघांनी ही चूक लेखी कळवली, तेव्हा तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला. कारण सोपे आहे. चाकाचे केंद्र मोठ्या वर्तुळाच्या कडेवरून जात नाही; ते कडेपासून एक त्रिज्या बाहेर राहून फिरते, म्हणून त्याचा मार्ग लहान त्रिज्येच्या चौपट त्रिज्येचा होतो. आसेने कापलेले अंतर परिघाने भागायचे असे मनाशी पक्के धरले, तर उत्तर ४ च येते. दोन सारखी नाणी घेऊन एक स्थिर ठेवावे आणि दुसरे त्याभोवती लोळवावे. फिरणारे नाणे एका प्रदक्षिणेत दोनदा सुलटे होते. हे मी किती वेळा करून पाहिले असेल ते सांगता येणार नाही, आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

आता परिघाकडे वळते. माझ्या सायकलच्या टायरवर ३२-६२२ असे छापलेले आहे. यातले ६२२ म्हणजे रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये आणि ३२ म्हणजे टायरची जाडी. जाडी दोन्ही बाजूंनी मिळवायची असल्यामुळे बाहेरचा व्यास ६८६ मिलिमीटर होतो आणि परीघ सुमारे २१५५ मिलिमीटर येतो. कागदावरचा परीघ हा असा. खरा परीघ काढण्यासाठी हवेचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणला, फरशीवर खूण केली, सायकलवर बसले आणि भाचीने हँडल धरून मला सरळ रेषेत पाच फेरे पुढे नेले. व्हॉल्व्ह पाचव्यांदा खाली आला तिथे दुसरी खूण केली आणि टेपने मोजले. अंतर १०.७१ मीटर भरले, म्हणजे फेऱ्याला २१४२ मिलिमीटर. माझ्या वजनाने टायर दबल्यामुळे एका फेऱ्यात १३ मिलिमीटर कमी झाले होते. तीस किलोमीटरच्या फेरफटक्यात या तेरा मिलिमीटरांमुळे फेऱ्यांच्या संख्येत सुमारे ८५ चा फरक पडतो. ज्या २२/७ बद्दल आपण एवढी काळजी करतो, ते घेतल्यामुळे माझ्या चाकाच्या परिघात एक मिलिमीटरचासुद्धा फरक पडत नाही. पायची किंमत किती स्थळांपर्यंत घ्यावी यापेक्षा मोजताना सायकलवर माणूस बसलेला होता की नाही, हे कितीतरी अधिक महत्त्वाचे ठरते.

इथे एक मोह होतो. टायर दबला म्हणजे त्रिज्या कमी झाली, तर मग जमिनीपासून आसेची उंची मोजावी आणि तिला २ पायने गुणावे, असे सुचते. हवा भरलेल्या टायरच्या बाबतीत ही वाट फसवी आहे. मोटारीच्या रेडियल टायरमध्ये तळव्याखाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि तो सहजासहजी आखूड होत नाही. चाक थोडे चपटे झाले तरी एका फेऱ्यात हा पट्टा जवळजवळ पूर्ण लांबीने जमिनीवरून जातो. त्यामुळे आस जेवढी खाली येते, त्या मानाने फेऱ्यातले अंतर बरेच कमी घटते. आसेच्या उंचीवरून काढलेला परीघ म्हणूनच वाजवीपेक्षा लहान येतो. चाक प्रत्यक्ष लोळवून पाहणे हाच खरा उपाय.

मोटारीच्या चाकाचे आकडे आणखी बोलके आहेत. १८५/६५ आर १५ असे टायरवर लिहिलेले असेल, तर १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर, आणि टायरच्या बाजूची उंची १८५ मिलिमीटर रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सव्वाशेला थोडी कमी, १२०.२५ मिलिमीटर. ती दोनदा मिळवून व्यास ६२१.५ आणि परीघ सुमारे १९५२ मिलिमीटर येतो. असे चाक एका किलोमीटरला ५१२ फेरे घेते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर, म्हणून त्या वेगाला चाक मिनिटाला ५१२ वेळा फिरत असते. ताशी ९० ला त्याच्या दीडपट, ७६८ वेळा. मिनिटाचे फेरे काढताना मी नेहमी ताशी ६० हाच टप्पा धरते, कारण तिथे किलोमीटर आणि मिनिट एकमेकांवर अचूक बसतात आणि बाकीचे वेग त्रैराशिकाने निघतात.

टायर झिजून त्याची ६ मिलिमीटर जाडी गेली, की व्यास १२ मिलिमीटरने घटतो आणि तेच चाक किलोमीटरला ५२२ फेरे घेऊ लागते. गाडीला अंतर ठाऊक नसते, तिला फक्त फेरे ठाऊक असतात. किलोमीटरला ५१२ फेरे असा दर तिच्यात बसवलेला असेल, तर झिजलेल्या टायरांवर खरे १०० किलोमीटर गेल्यावर ती जवळपास १०२ दाखवील. वेगही थोडा जास्तच दिसेल, आणि ते एका अर्थी सुरक्षित आहे. वेगमापकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमनाचा दंडकच आहे. धोका उलट बाजूने येतो. नेमलेल्यापेक्षा मोठी चाके बसवली तर फेरे कमी होतात आणि काटा खऱ्या वेगाच्या मागे राहतो. चाकाच्या फेऱ्यांतला हाच फरक काही गाड्या कामालाही लावतात. एका टायरमधली हवा कमी झाली की ते चाक इतर तिघांपेक्षा किंचित जास्त फिरते, आणि ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेचे संवेदक फेरे मोजतच असल्यामुळे गाडी ती तफावत ओळखून सूचना देते. चारही टायरांतली हवा सारखीच उतरली तर मात्र नुसत्या तुलनेतून काही कळत नाही.

वेग वाटेत बदलत असेल, तर टप्प्याटप्प्याने अंतर काढून बेरीज करावी. १० मिनिटे ताशी १२ ने आणि पुढची २० मिनिटे ताशी २१ ने गेल्यास २ आणि ७ मिळून ९ किलोमीटर होतात, म्हणजे सरासरी ताशी १८. दोन वेगांची नुसती सरासरी घेतली तर साडेसोळा येते आणि फेरे चुकतात. चाकाला स्वतःला या सरासरीची गरज पडत नाही. कोणत्या क्षणी वेग किती होता हे विसरून ते फक्त अंतर साठवत जाते.

चाकाचा हा गुण माणसाने फार पूर्वी हेरला. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी रथाला जोडायच्या अंतरमापकाचे वर्णन करून ठेवले आहे. चाकाचा परीघ साडेबारा फूट, ४०० फेऱ्यांचे ५००० फूट, आणि ५००० फुटांचा रोमन मैल. दात्यांच्या चक्रांच्या साहाय्याने दर ४०० फेऱ्यांनंतर एक खडा खालच्या भांड्यात पडे आणि त्याच्या आवाजाने मैल पुरा झाल्याचे कळे. प्रवासाच्या शेवटी खडे मोजले की मैल मिळत. इथे परीघ आधी ठरवून चाक त्या मापाचे बनवले होते.

आजचे मॅरेथॉनचे मार्ग मोजणारे लोक याच्या नेमके उलट करतात, आणि मला ती रीत अधिक प्रामाणिक वाटते. ते सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा छोटा गणक लावतात. अमेरिकेतील अभियंता अॅलन जोन्स यांनी तो १९७१ साली तयार केला. मूळ रचनेत चाकाच्या एका फेऱ्याला त्याचे २० अंक पुढे सरकत. हे लोक परीघ मोजतच नाहीत. पोलादी टेपने मोजलेल्या, निदान ३०० मीटर लांबीच्या सरळ पट्ट्यावर ते चार वेळा सायकल चालवतात आणि किलोमीटरला किती अंक पडतात हे पाहून घेतात. मग मार्ग मोजतात आणि मोजून झाल्यावर त्याच पट्ट्यावर पुन्हा चार वेळा चालवतात. दुसऱ्यांदा चालवण्याचे कारण हवा. सकाळच्या गारव्यात सुरू केलेले काम ऊन चढल्यावर संपते, तोवर टायरमधली हवा तापून दाब वाढलेला असतो, चाक किंचित मोठे झालेले असते आणि किलोमीटरला पडणारे अंक कमी झालेले असतात. इतकी काळजी घेऊनही ते दर किलोमीटरमागे आणखी १ मीटर धरतात, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या मार्गावर ४२ मीटर जास्तीचे, जेणेकरून मार्ग कोणत्याही परिस्थितीत कमी भरू नये. भाचीच्या वहीतला २ मीटरचा पक्का परीघ आणि या लोकांचा सकाळ-दुपार बदलणारा परीघ शेजारी शेजारी ठेवले, की तेच गणित किती जिवंत आहे हे जाणवते.

गेल्या रविवारी आम्ही ते गणित उलट बाजूने करून पाहिले. पुढच्या चाकाच्या एकाच आऱ्यावर प्लॅस्टिकची लवचीक पट्टी अशी बांधली, की दर फेऱ्याला ती चाक धरणाऱ्या फोर्कला लागून टक् असा आवाज होईल. मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो खिशात ठेवला आणि हँडलवरच्या मापकात १८ हा आकडा जमेल तितका स्थिर राखत मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवली. दोन्ही टायर सारखेच असल्यामुळे फेऱ्याला २१४२ मिलिमीटर हाच दर धरायचा होता, म्हणजे मिनिटाला १४० आवाज यायला हवे होते. घरी आल्यावर भाचीने मुद्रण निम्म्या गतीने लावले आणि दर दहाला कागदावर एक काडी ओढत एका मिनिटाचे आवाज मोजले. १३८ भरले. १३८ गुणिले २.१४२ म्हणजे मिनिटाला २९५.६ मीटर, तासाला १७.७ किलोमीटर, रस्त्यात एका वळणावर मी वेग कमी केला होता, ते त्या दोन आवाजांत नोंदले गेले होते. तिने कागदावरच्या काड्या पुन्हा एकदा मोजल्या, वहीतले चौकटीतले ९० काढून पाहिले आणि म्हणाली, "मावशी, हे तर पहिल्या चाळीस सेकंदांतच होऊन गेले."